जावयाच्या पाठीमागचा रंग

फोटोतल्या माणसाला धक्का न लावता त्याच्या पाठीमागचं जग पुसून टाकायचं, हे जावयाचं काम. कुणी बागेत उभं राहून फोटो काढून आणतं, कुणी धुणं वाळत घातलेल्या गॅलरीत. अर्जावर चिकटवायचा तर मागे एकच सपाट रंग हवा. जावई माऊसने माणसाची कड धरून फिरायचा, खांद्यावरून, कानावरून, केसांच्या बटांतून, आणि मग एक कळ दाबायचा. बाग गेली, धुणं गेलं, गॅलरी गेली. माणूस एकटा पांढऱ्यात उभा. अकरा वर्षं हेच.

सगळी गल्ली त्याला जावईच म्हणायची. दुकान त्याच्या बायकोच्या मामांचं, आणि मामा गिऱ्हाईक असो नसो, त्याला ‘जावईबापू’ म्हणूनच हाक मारत. ‘बापू’ लावून बोलणाऱ्या माणसासमोर सुट्टी मागताना जीभ अडखळते आणि नोकरी सोडतो म्हणताना तर ती टाळूलाच चिकटते, हे मामांनी फार आधी ओळखलं होतं. सात वेळा जावई सांगायला गेला आणि सातही वेळा दोन्ही हातांत नवीन काम घेऊन परत आला.

फोटो समोरच्या दुकानात निघत. जावयाची खोली मागच्या बोळात, सुटी. तिला खिडकी नव्हती, कारण उजेडाने रंग चुकतात असं मामांचं मत. डावीउजवीकडे कागदांच्या खोक्यांची फडताळं, समोर टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि छापायचं यंत्र, आणि दार पाठीमागे. म्हणजे अकरा वर्षं तो दाराकडे पाठ करून बसला होता. कधी उघडंच राहिलं तर मानेला वारा लागायचा, तेवढीच त्याची नि दाराची ओळख.

पण त्या दिवशी त्याच्या टेबलावर त्याचा स्वतःचा अर्ज होता. नकाशे छापणाऱ्या कचेरीत रंग भरणारा माणूस हवा होता. अर्ज बायकोनेच आणला, तिनेच भरला, आणि सकाळी डब्यासोबत हातात देऊन म्हणाली, “सही करा, फोटो चिकटवा, पाचच्या आत कचेरीच्या खिडकीवर द्या. आज शेवटची तारीख आहे. पाच वाजून एक मिनिटाने तुम्ही पुन्हा जावई.”

मागे पांढरा रंग असलेला फोटो, असं अर्जावर छापलेलं. समोर फोटो काढायला गेला असता तर मामांनी विचारलं असतं, कशासाठी. म्हणून दुपारी दोन वाजता त्याने कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्यातून खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःचा फोटो काढला. सवयीने कड धरली, मागचं सगळं पांढरं केलं, सेव्ह केलं, फाइल बंद केली. यंत्रातून आठ फोटो बाहेर आले. एक कापून अर्जावर चिकटवला, अर्ज खिशात घातला आणि जायला म्हणून उठून वळला.

मागे दार नव्हतं.

भिंत होती. पांढरी, सपाट, बोळाच्या बाजूची अख्खी भिंत, चौकट नाही, फट नाही, उंबऱ्याची खूण नाही. जावयाने हात फिरवला. बोटाला चुनासुद्धा लागला नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं म्हणावं, तर त्याने स्वतःचा फोटोही आजवर कधी केला नव्हता. ज्या हजारो लोकांच्या पाठीमागचं त्याने पुसलं होतं, त्यांच्या घरी काय काय गेलं हे कोण विचारायला गेलं होतं?

तो पुन्हा खुर्चीत बसला. फाइल उघडली. उलटं जायची सोय फाइल बंद करेपर्यंतच असते, आणि बंद तर त्यानेच केली होती. पांढऱ्याच्या जागी निळा भरून सेव्ह केला, मान वळवली. भिंत निळी. हिरवा भरला, हिरवी. तपकिरी चौकोन काढला, त्याला गोल मूठ काढली. मागे तपकिरी चौकोन आणि गोल मूठ. मूठ धरायला गेला तर नखं भिंतीवर घासली.

रंगाने भागणार नाही. दार हवं तर दाराचा फोटो हवा.

मग त्याने कॉम्प्युटरमधले सगळे फोटो उघडले. अकरा वर्षांची माणसं, ओळीने. एकाच्याही मागे दार नव्हतं. पांढरं, पांढरं, फिकट निळं, पांढरं. मूळ फोटो जागा खातात म्हणून मामा दर महिन्याला पुसायला लावत आणि जावई पुसत असे. लहान मुलांसाठी ठेवलेला बागेचा एक देखावा तेवढा सापडला. तो मागे टाकून जावई आनंदाने उठला, चार पावलं चालला आणि आभाळावर त्याचं नाक आपटलं. देखावा रंगवलेल्या पडद्याचा होता. पडदा आला, पडद्यामागे तीच भिंत. सगळं काढून त्याने तिथे पुन्हा पांढरा भरला.

त्याने मामांना फोन लावला.

“मामा, खोलीचं दार गेलं.”

“कुठं गेलं?”

“माझ्याच हातून पुसलं गेलं. जरा बोळात येऊन बघता का?”

मामा आले. त्यांचा आवाज फोनमधून यायचा आणि लगेच मागोमाग भिंतीतून पुटपुटल्यासारखा यायचा, त्यामुळे मामांचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागत होतं.

“मला वाटलं मीच बोळ चुकलो,” मामा म्हणाले. “कोरी भिंत आहे. काम मात्र सफाईदार केलंत हां, कड कुठे दिसत नाही. पण स्वतःचा फोटो कशाला काढलात, जावईबापू?”

आता लपवायला जागाच उरली नव्हती. “नोकरीचा अर्ज भरलाय. पाचच्या आत द्यायचाय.”

मामांनी मऊ आवाजात विचारलं, “शाळेच्या मुलांचे फोटो किती राहिले?”

“दोनशे चाळीस.”

“मग दारावाचून अडलंय कुठं? वीज आहे, पंखा आहे. फोटो तारेतून आत येतात, तारेतून बाहेर जातात. तुमच्या कामाला दार लागतच नाही, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नाही बघा.”

“आणि मला लागतं त्याचं काय?”

“तुम्हाला काय, घरचं आहे. सवडीने बघू. भिंत फोडायला माणूस बोलवायचा तर आधी परवानगी, मग मोजणी. आठवडा तरी धरा.”

“मामा, हवा कुठून येणार?”

“येते ना कुठून तरी. नसती तर एवढं बोलला असतात का?”

हवा जड मात्र झाली होती. खोली होती तेवढीच होती, पण खुर्ची मागे सरकवली की पाठ पांढऱ्याला टेकते असं त्याला वाटायला लागलं. तीन वाजले होते. त्याने बायकोला फोन केला आणि झालं ते सांगितलं.

“भिंत?” ती म्हणाली. “अहो, ती आधीपासूनच असेल. तुम्ही तिकडे बघितलंत कधी?”

“चेष्टा नको. दाराचा फोटो हवाय. मामांकडे असेल, पण ते द्यायचे नाहीत.”

“नाही कसे देत. खोली घेतली तेव्हा त्यांनी काढून घेतलेला, मला अख्खा एक तास दाखवला होता. थांबा.”

तिने मामांना काय ऐकवलं ते तिचं तिला माहीत. साडेतीनला जावयाच्या फोनवर फोटो आला आणि पाठोपाठ मामांचा आवाज. “तुमच्या मंडळींनी माझं डोकं खाल्लं. दार मागितलंत, दार दिलं. पुढचं मला विचारू नका.”

जावयाने फोटो पडद्यावर मोठा केला आणि मामांचा आवाज इतका गोड का होता ते त्याला कळलं. दार होतं, तेच. पण बोळातून काढलेलं, बंद, कडी घातलेलं आणि कडीला पेरूएवढं कुलूप. हे दार मागे लावलं की कुलूप खोलीच्या आत येणार, म्हणजे त्याच्याच नाकासमोर लटकणार. फोटोत दाराच्या पुढ्यात मामा उभे होते. अकरा वर्षांनी तरुण, पोट तेवढंच.

तो नुसता बघत बसला. साडेतीनचे पावणेचार झाले. मग हाताला दुसरं काही सुचेना म्हणून त्याने फोटो अजून मोठा केला. मामांचा चेहरा, मामांचा खांदा, मामांचा वर केलेला हात. खोली आपली झाली हे जगाला दाखवायला मामांनी दोन बोटांत काहीतरी धरलं होतं.

किल्ली.

जावयाने खुर्ची पुढे ओढली. आयुष्यभर त्याने माणूस ठेवून मागचं पुसलं होतं. आज पहिल्यांदा मागचं ठेवून माणूस पुसायचा होता. पोटाने झाकलेल्या फळ्या त्याने शेजारच्या फळ्यांवरून उचलून भरल्या. डोकं, हात, बोटं, सगळं गेलं. किल्लीच्या कडेने मात्र तो असा फिरला की अकरा वर्षांत कुणा नवरीच्या केसांभोवतीही फिरला नसेल. शेवटची कळ दाबायच्या आधी त्याचा हात थबकला. दार पुसलं तर दार गेलं, मग मामा पुसले तर?

“मामा, आहात ना?”

“आहे की. का?”

“काही नाही. सहज.”

आता फोटोत बंद दार होतं आणि हवेत तरंगणारी किल्ली. ते त्याने स्वतःच्या मागे लावलं, कळ दाबली आणि पुन्हा विचारलं, “मामा?”

“अहो, आहे म्हटलं ना.”

त्याच वेळी पाठीमागे फरशीवर लोखंड पडल्याचा आवाज झाला.

कुलपात किल्ली घातली तर ती फिरेना. उजेडात धरून बघितली. फोटोच बारका, त्यात किल्ली केवढी, तिचे दात धुरकट आले होते. जावई परत येऊन बसला आणि टिंब टिंब करून त्याने फोटोतल्या दातांना धार आणली. पहिल्या खेपेला किल्ली अर्ध्यात अडली. मधला दात जरा झिजवला. दुसऱ्या खेपेला कुलूप असं उघडलं, जणू त्यालाही आत कंटाळा आला होता.

मामा बोळात खोक्यावर बसलेले. दार उघडलेलं बघून त्यांनी आधी जावयाच्या हातातली किल्ली पाहिली, मग स्वतःचा खिसा चाचपला.

“बसा जरा,” ते म्हणाले. “निवांत बोलू. तुम्हाला खिडकी हवी आहे का?”

“चार वीस झालेत, मामा.”

“जावईबापू, आपलंच दुकान आहे.”

“तुमचं आहे,” जावई म्हणाला. अकरा वर्षांत जिभेवरून न उतरलेले शब्द एवढेच होते. किल्ली त्याने मामांच्या तळहातावर ठेवली आणि तो झपाझप निघाला. पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज खिडकीच्या आत गेला. पलीकडच्या बाईने फोटोकडे एकदा, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

तो घरी चालत निघाला, चालता चालता उगाच मागे वळून बघत. रस्ता, गाड्या, एक सायकलवाला, सगळं जागच्या जागी. सहाच्या सुमाराला मामांचा फोन आला.

“कडी बाहेरून लागत नाही,” मामा म्हणाले. “बाहेरच्या अंगाला नुसती आतली खुंटी आली आहे आणि तिच्यावर तुमचा शर्ट लटकतोय. कडी नि कुलूप आतल्या अंगाला. तेवढं दार उलटं करून द्या.”

“डावं उजवं करून देतो, मामा. आतलं बाहेर करायचं हत्यार अजून निघालेलं नाही.”

“मग बंद करून मी घरी कसा जाऊ?”

जावयाने खरंच विचार केला. “दार उघडं टाकून जा.”

“आणि मशीन? कागद? एवढी वर्षं जमवलेलं सगळं?”

मग पलीकडे दार ओढल्याचा आवाज आला, कडीचा आला, आणि शेवटी, अगदी स्पष्ट, आतून कुलूप लागल्याचा.