गप्प आठवड्यातली दुआ

व्याजदर ठरतो त्या आठवड्यात मध्यवर्ती बँकेतल्या माणसांच्या तोंडाला कुलूप असतं. आइगानिशने ते इतक्या इमानाने पाळलं होतं, की त्या दिवसांत ‘उद्या थंडी वाढेल का’ असं कुणी विचारलं तरी ती जरा थबकायची.

शुक्रवारी समितीत तिने दर चांगलाच वाढवावा म्हणून हात वर केला होता. पीठ, तेल, कोळसा, सगळंच भडकलं होतं. कर्ज महागल्याशिवाय बाजार थंडावणार नव्हता, आणि महागाई आधी पेन्शनीवरच्या म्हाताऱ्यांना खाते हे तिला पक्कं ठाऊक होतं. निर्णय सोमवारी दुपारी जाहीर व्हायचा होता.

रविवारी धाकट्या भावाने, मेलिसने, जेवायला बोलावलं. त्याचा कपडे शिवायचा कारखाना होता; शेजारच्या बुरुलचाही वेगळा होता, तीही जेवायला आली होती. नव्या यंत्रांसाठी दोघं सोमवारी सकाळी आपापल्या कर्जावर सही करणार होते. व्याज बदलतं होतं. मध्यवर्ती बँकेने दर चढवला, की त्यांचा हप्ताही चढणार.

“एजे, आईबाप नाहीत, मोठी बहीण तूच. दुआ दे,” मेलिस म्हणाला.

“जेवण तर होऊ दे.”

“झालं की! तळलेल्या बोरसोकची थाळी एकटीने साफ केलीस आणि आता टाळतेस?”

“कोपऱ्यावरच्या आजोबांना बोलाव. मला नाही जमत.”

“आम्ही व्याजाचं विचारलं का तुला? दुआ मागतोय. तीही गुपित आहे का बाई?”

सगळे खो खो हसले. आइगानिशने चहा बाजूला सारला. नाही म्हणावं तर तेच उत्तर ठरणार, आणि दुआ द्यावी तर दोघांना जाणूनबुजून खड्ड्यात ढकलल्यासारखं. शेवटी तिने तळवे पसरले. बुरुलने भक्तिभावाने डोळे मिटले.

“धंदा वाढो, घर भरलेलं राहो.”

“ओमीन!” म्हणून दुआ पुरी करत सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आइगानिशने आपले हात तसेच मांडीवर ठेवले.

सोमवारी चढलेला दर जाहीर झाला. संध्याकाळी मेलिस नाचतच तिच्या घरी आला.

“वाचवलंस, एजे! मी सही केलीच नाही.”

“मी काय केलं?”

“हातच फिरवले नाहीस ना तोंडावरून! अशी अर्धी दुआ कोण देतं? म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.”

“बुरुलला सांगितलंस?”

“वेडी आहेस का? गावभर झालं असतं. तुझी नोकरी गेली असती.”

तो गेल्यावर तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. हात विसरले, माणूस विसरतो कधी कधी. पण ते खोटं होतं. हात खाली घेताना तिने मेलिसच्या डोळ्यांत पाहिलं होतं, आणि तो पाहतोय याची खात्री झाल्यावरच नजर काढली होती. बुरुलकडे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. कुलूप मोडलं ते मोडलं, तेही फक्त आपल्या माणसासाठी. तिला स्वतःची किळस आली.

आठवड्याभराने बुरुल गरम नान घेऊन दारात उभी.

“हप्ता फार चढला हो, एजे. दोन पोरींना उद्यापासून येऊ नका म्हणावं लागलं. त्यातली एक लेकुरवाळी आहे.”

आइगानिशला तिला आत ये म्हणायचंही सुचलं नाही.

“तुम्ही नका वाईट वाटून घेऊ,” बुरुलच तिला समजावू लागली. “तुमचं काम तुम्हाला करावंच लागणार. आणि तुमची दुआ आहे की माझ्या पाठीशी. डोळे मिटून ऐकली मी, एकेक शब्द. निघेल वाट. आणखी एकदा द्याल?”

उंबऱ्यातच बुरुलने तळवे पसरले आणि पुन्हा डोळे मिटले.

आइगानिशने कशीबशी दुआ दिली. ओमीन म्हणून या वेळी दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवले. बुरुलने डोळे उघडले तरी आइगानिशला ते खाली घेता येईनात.