चांद्याचा कासरा

कौसाबाईंनी उभा जन्म बैल हाकले आणि बैल गेले तशा त्या कुत्रा हाकायला लागल्या. यात काही वावगं आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही. तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या त्यांच्या मळ्यात ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, खुंटीवर कासरा तेवढा उरला. पाटाच्या कडेला सापडलेल्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या पिल्लाला त्यांनी गेलेल्या बैलाचंच नाव दिलं, चांद्या, आणि त्याच्या पट्ट्याला तोच कासरा बांधला. रोज सकाळी पुढे चांद्या, मागे कौसाबाई, अशी वरात निघायची. जिभेने टकटक केलं की चांद्या ओढायला लागे. लांब 'होऽऽ' म्हटलं की आहे तिथे थांबे. गाव हसायचं आणि कौसाबाई गावाला काडीची किंमत देत नसत.

पण थंडी सरता सरता एका खारीने घात केला. चांद्या धावला, कासरा मनगटाला गुंडाळलेला, आणि 'हो' तोंडातून निघायच्या आत कौसाबाई पाटात! हात प्लास्टरमध्ये गेला.

त्यांचा मुलगा हेमकांत शहाद्याला ठिबक सिंचनाचं दुकान चालवतो. मोबाइलवर बघून त्याने चांद्याला 'सिट' आणि 'स्टे' शिकवायचा घाट घातला होता. तो शिकवायचा आणि चांद्या केळीच्या बागेकडे बघत बसायचा. त्यामुळे कुत्र्यावर त्याचा राग आधीपासूनच होता.

"माय, आज हात मोडना, उद्या कंबर मोडी," तो म्हणाला. "खापर गावले मन्हा दोस्त शे, करणसिंग. त्याले दी टाकू कुत्रं."

नवरा गेल्यापासून त्या घरात कौसाबाईंची वाट बघणारा जीव एकच होता. पण रडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मी पडस म्हनीसन ना? मंग वाघदेवना डोंगर चढी दखाडू का? चांद्याले लिसन, ना पडता?"

हेमकांत हसला. साठी ओलांडलेले गुडघेच काय तो निकाल लावतील, असा त्याचा हिशोब. "चढी गई ते ऱ्हाऊ दे कुत्रं. पडनी ते खापर."

प्लास्टर निघालं आणि कौसाबाईंनी कंबर कसली. आधी पाटाचा रस्ता, मग तापीचा चढा काठ, वर-खाली, वर-खाली. ऊन तापायच्या आत घरी. सुरुवातीला पाय भरून यायचे, मग भूक लागायला लागली, मग रात्री गाढ झोप. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्या इतक्या तरतरीत झाल्या की हेमकांतच्या मनात पाल चुकचुकली.

आखाजी झाली आणि एका पहाटे सातपुड्याच्या पायथ्याशी तिघं उभे राहिले. हेमकांत नवे बूट घालून पुढे. साग निष्पर्ण होते, मोहाला मात्र तांबूस पालवी फुटली होती. कौसाबाईंनी वाटेतली चारोळीची काळी फळं तोंडात टाकली आणि त्यांना एकदम सासरी नवीन आलेल्या दिवसांइतकं हलकं वाटलं.

अर्ध्यावर वाट अरुंद झाली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. तेवढ्यात वरून वानरांची टोळी धडाधड उतरली. चांद्याने झेप घेतली.

"सिट! स्टे! स्टे!" हेमकांत वरून ओरडला.

"होऽऽ!"

चांद्या चारही पायांवर थांबला. अंग थरथरत होतं, पण पाऊल हललं नाही. कासरा या वेळी मनगटाला नव्हता, मुठीत सैल होता. कौसाबाईंनी वर हेमकांतकडे बघितलं.

"त्याले इंग्रजी येत नही," त्या म्हणाल्या.

पुढे खडी चढण. कौसाबाईंनी टकटक केलं, चांद्याने मान खाली घालून ओढ घेतली आणि पाटाच्या रस्त्यावरची ती खोड इथे हुकमी कामाला आली. हेमकांत कधी मागे पडला ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. माथ्यावरचं वाघदेवाचं पांढरं निशाण दिसलं, मग हाताला लागलं. खाली अख्खा मुलूख पसरला होता. आपण चढलो! चांद्या राहिला! त्यांना नाचावंसं वाटलं.

त्यांनी आधी चांद्याला ओंजळीत पाणी पाजलं, मग खाली डोकावून पाहिलं. हेमकांत बूट काढून झाडाखाली बसला होता, तोंड लालबुंद.

"माय, मी आठेच बसस, वर येत नही!"

कौसाबाई चांद्याला घेऊन जपून त्याच्यापर्यंत उतरल्या आणि कासऱ्याचं टोक त्याच्यापुढे धरलं. "धर."

"मी? कुत्राना मागे?"

"धर म्हनस ना."

हेमकांतने बूट चढवले, कासरा धरला. टकटक झालं. चांद्याने मान खाली घातली आणि ठिबकचे मालक फरफटत का होईना, मायच्या पुढे माथ्यावर पोचले.

तिथे मोबाइलला रेंज होती. धाप ओसरल्यावर हेमकांतने खापरला फोन लावला. "करणसिंग, तू दुसरं दख. हाई कुत्रं कोनलेच देनं नही. मन्ही मायनं शे."

कौसाबाईंना आनंद आवरेना. त्यांनी दरीकडे तोंड करून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "होऽऽऽ!"

हेमकांत बाटलीतून ओतत होता ते पाणी पिता पिता चांद्या जागच्या जागी थांबला. ओतता ओतता हेमकांतही.