न मोजलेला कळप

रायभानच्या डोळ्यांवर तो जाड काळा चष्मा चढला आणि सुगंधाबाईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मागच्या महिन्यात कळप हमरस्त्यावर सोडून तो एकटाच घरी आला होता. तेव्हापासून लेकाने, रामेश्वरने, एकच धरलं होतं : आजच्या तपासणीत बाप चुकला, की मेंढ्या बाजारात.

भोकरदनच्या त्या दवाखान्यात विसरण्याच्या आजाराचा अभ्यास चालला होता. चष्म्यात जे दिसे, तेच भिंतीवरच्या पडद्यावर बाकीच्यांना दिसे. वंदना नावाच्या तपासणाऱ्या मुलीने रायभानला खुर्चीत बसल्या बसल्या आधी चष्म्यातल्या गावातून माळापर्यंत फिरवून आणलं. माळावर मेंढ्या चरत होत्या.

"बाबा, किती आहेत? मोजा बरं."

"बिलकुल न्हाई."

वंदनाने कागदावर फुली मारली. रामेश्वरने आईकडे पाहिलं. पोरी, मेंढ्या कोणी मोजतं का, दृष्ट लागते, हे सुगंधाबाईच्या अगदी ओठांवर आलं. पण नातेवाइकांनी तोंड उघडायचं नाही, असं आधीच बजावलं होतं. लग्नानंतर वर्षातले आठ महिने ती बिऱ्हाड घेऊन कळपामागे हिंडली होती. संध्याकाळी रायभान नुसती नजर फिरवायचा आणि मागे राहिलेली कोणती, ते सांगायचा.

पडदा काळा झाला, पुन्हा उजळला.

"आता काही बदललं का?"

रायभानची मान हळूहळू फिरली. थांबली. पुन्हा फिरली.

"काळतोंडी कुठं गेली? तिचं कोकरू एकटंच हाय."

"बरोबर!" वंदना खुर्चीतून उठलीच. "बाबा, आता आल्या वाटेने घरी चला."

माळाच्या टोकाला वाट दुभंगली होती. रायभान डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मग जागीच थबकला.

"माझ्या बाला विचारा. त्यो पुढं गेल्ता."

त्याचा बाप जाऊन तीस वर्षं झाली होती.

"बघितलं न्हवं, माय?" रामेश्वरचा आवाज चिरकला. "मंग?"

"मेंढी बराबर वळखली का न्हाई?"

"वळखली. पण वाट?"

"वाट मला माहीत हाय. उद्यापासनं मी जाते संगं."

"तुझे गुडघे बघ आधी!"

"मेंढ्या काय पळत जात्यात का रं?"

बायकोचा आवाज आला तशी रायभानने मान वळवली. चष्मा अजून डोळ्यांवरच होता.

"अगं, काळतोंडी घावली का?"

"न्हाई अजून. उठा, बघू."

रामेश्वरने कोपऱ्यातली बापाची काठी उचलली. क्षणभर तशीच धरली, आणि आईच्या हातात दिली.