ताईचं वाक्य

"मोठ्याने वाच," म्हणत मुंगीने निबंध धाकटीकडे परत सरकवला.

धाकटीला हसूच आलं. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिला आलेला निबंध तो. त्यात हिला काय सापडणार? मुंगी वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. अंगाने एवढीशी, पण कामाला चिकटली की सुटायची नाही, म्हणून लेखनकेंद्रात सगळे तिला मुंगीच म्हणत. तिथे विद्यार्थीच विद्यार्थ्यांना लिहायला मदत करत. तिथली एकुलती एक रिकामी जागा धाकटीला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करून देणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. पण केंद्राची एक खोड होती: मदतनीस व्हायचं तर आधी स्वतःचं लेखन घेऊन मदत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं, वीस मिनिटं. केंद्राच्या प्रमुख बाई खिडकीपाशी बसून ऐकायच्या. नियम दोनच. लेखन उमेदवाराचं स्वतःचं हवं, तशी सही आधीच घेतलेली. आणि मदत करणाऱ्याने फक्त विचारायचं, सांगायचं काही नाही.

धाकटी वाचू लागली. निबंध वडिलांवर होता. ते बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करत. तिसऱ्या परिच्छेदाशी मुंगीने बोट ठेवलं.

"'बाबांच्या तळहातांवर कष्टांची लिपी कोरलेली आहे.' यात काय लिहिलेलं असतं गं?"

"म्हणजे?"

"लिपी आहे म्हणतेस ना? मग तू काय वाचतेस त्यात?"

परीक्षकांनी याच वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. वेळ मारून नेणं काही अवघड नव्हतं. त्याग, माया, घरासाठी झिजणं, असले शब्द जिभेवर तयारच होते. पण मुंगी मान तिरकी करून बघत होती, आणि तिला खरोखरच उत्तर हवं होतं. धाकटीला आजवर शाबासकी ढिगाने मिळाली होती, पण इतक्या कुतूहलाने कुणी काही विचारलंच नव्हतं.

खिडकीपाशी बाईंनी चष्मा पुसला.

"ते माझं नाही," धाकटी म्हणाली. तिचे कान तापले. "माझ्या ताईने घातलंय. पहिलीपासून माझं सगळं तीच बघते. प्रेमानेच बघते."

झालं, जागा गेली. सही केलेली, आणि बाई तर चार हातांवर बसलेल्या. धाकटीला रडू कोसळेलसं वाटलं. तिने निबंधाची घडी घालायला घेतली.

"थांब ना," मुंगी म्हणाली. "ताईने घालायच्या आधी तिथे काय होतं?"

"काही नाही. बावळटासारखं होतं."

"आठवतंय?"

आठवत होतं. 'असलं घरातलं कुणी बाहेर लिहितं का?' म्हणत ताईने ते खोडलं होतं, आणि तेव्हा धाकटीलाही सुटल्यासारखं वाटलं होतं.

"बाबांच्या हातांना काळ्या तेलाचा वास यायचा," ती निबंधाकडे न बघता म्हणाली, "म्हणून मी त्यांच्या हातचा घास कधी खाल्ला नाही. ते भरवायला आले की मी तोंड फिरवायचे. मग त्यांनी भरवणंच सोडलं."

मुंगीच्या पुढ्यात विचारायच्या प्रश्नांची छापील यादी होती. तिने यादीकडे पाहिलंही नाही.

"तू तोंड का फिरवतेस, ते त्यांना कळलं होतं?"

पुढची उमेदवार दारातून डोकावली; वीस मिनिटं केव्हाच संपली होती. बाईंनी तिला हातानेच थांबवलं.

"ते जेवायच्या आधी हातांना तीन-तीनदा साबण लावायचे," धाकटी सावकाश म्हणाली. "मला वाटायचं, त्यांना स्वच्छतेची आवड आहे."