उरलेला स्क्रू

योगेंद्रने टेबलावरचा चहाचा कप उचलला, तसा कपाच्या बुडाला चिकटलेला एक स्क्रू टणकन खाली पडला. तो उचलायला म्हणून योगेंद्र वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. स्क्रूच्या गळ्यात दातेरी वायसर होतं.

आता एखादा स्क्रू उरणं ही दुरुस्तीच्या धंद्यात काही मोठी गोष्ट नाही. केबिन रोडवरच्या त्याच्या गाळ्यात असल्या उरल्यासुरल्या स्क्रूंची एक बरणीच भरलेली होती. पण दातेरी वायसरचा स्क्रू नुकत्याच दुरुस्त केलेल्या मशीनमध्ये एकच होता, अर्थिंगच्या वायरचा. आणि ते मशीन सकाळीच त्याने मीरा रोडच्या पॉलिटेक्निकमध्ये स्वतःच्या हाताने पोचवलं होतं. 

"काय झाला रं?" राई गावाहून डबा घेऊन आलेल्या आईने, रखमाबाईंनी, विचारलं.

"काय न्हाय, आये. मशीनचा एक स्क्रू हितंच ऱ्हायलाय."

"मंग? येका स्क्रूनं काय बिघरतंय?"

काय बिघडतं ते तिला सांगायचा धीर त्याला झाला नाही. मशीनच्या आत वीज कुठे भरकटली, तर तिला गुपचूप जमिनीत नेऊन सोडते ती ही वायर. ती सुटी असली की वीज पत्र्यात उतरते आणि पुढे जो हात लावेल त्याच्या अंगात. आणि आज तिथे मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा होती.

मशीन म्हणजे ऑसिलोस्कोप. वीज कशी धावते ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारं. याची रेघ सरळ राहतच नव्हती. काही जोडलेलं नसतानाही थरथरायची. योगेंद्रने वायरी बदलून पाहिल्या, बटणं साफ केली, डोकं धरून बसला, आणि शेवटी पॉवरच्या भागात पुरीसारखा टम्म फुगलेला एक कपॅसिटर सापडला. तो बदलायला आतली प्लेट काढावी लागली, प्लेट काढायला अर्थिंग सोडावं लागलं. बाकीचे स्क्रू वाटीत टाकले. हा मात्र महत्त्वाचा, हरवायला नको, म्हणून जपून वेगळा ठेवला! रेघ सुतासारखी सरळ आली त्या आनंदात वाटीतले स्क्रू लावले, झाकण बसवलं आणि वर चहा मागवला.

तो मुळातच भित्रा. विजेचं काम करणारा हा माणूस घरातला साधा बल्ब बदलायचा तरी मेन स्विच बंद करायचा आणि फ्रीज बंद पडला म्हणून बायकोची बोलणी खायचा. अशा माणसाच्या हातून हे व्हावं!

त्याने लॅबच्या क्षितिजा मॅडमना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग गाळा आईवर टाकून तो रस्त्यावर धावला.

"भैया, पूनम सागर के आगे. जल्दी."

"जल्दी तो सबको है, साब," रिक्षावाला म्हणाला.

गोल्डन नेस्टच्या सर्कलला रिक्षा जी अडकली ती हलेचना. योगेंद्रच्या तळहाताला घाम फुटला होता आणि त्या घामात स्क्रू. डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं: मशीनच्या पत्र्यावर कुणाचा तरी हात आणि तो हात सुटत नाहीये. त्याने डोळे मिटले तर ते आणखी स्पष्ट दिसायला लागलं. फोन हातात होता, पण आता तो वाजला तर काय ऐकावं लागेल या भीतीने त्याला तोही नकोसा झाला. मध्येच मनाने पळवाट काढली, काही होत नाही रे, उद्या जाऊन गुपचूप लावून ये. लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. तो रिक्षातून उतरला आणि उरलेली वाट पळत सुटला.

लॅबच्या दाराबाहेर मुलांचे बूट रांगेत काढून ठेवले होते. सकाळी इथेच निळ्या रबरी चपलांची रांग होती. किती ही स्वच्छता, अगदी देवळासारखी, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आता ते बघायलाही तो थांबला नाही.

मशीन चालू होतं. एक मुलगी त्याच्याकडे हात नेत होती.

"हात लावू नको!"

सगळी लॅब वळून बघायला लागली. योगेंद्रने झडप घालून प्लग उपसला.

"काय हो, काय झालं?" क्षितिजा मॅडम घाईने पुढे आल्या.

"काही नाही, मॅडम." त्याला धाप लागली होती. "सर्व्हिसनंतर एकदा बघून घ्यायचं असतं."

"भर परीक्षेत?"

"दोन मिनिटं फक्त."

त्याने झाकण उघडलं. वायर आत लोंबत होती. घाईत पेचकस दोनदा निसटला, पण स्क्रू एकदाचा बसला. कुणाला काही कळलं नव्हतं. सुटलो रे बाबा! त्याने मशीन चालू केलं. पिवळी रेघ सरळ, स्थिर. मग हाताच्या सवयीने त्याने मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

म्हणजे वीज अजून पत्र्यात उतरतच होती. शेजारच्या मशीनला लावून पाहिलं, पेटला. पलीकडच्याला, तिथेही. मग त्याने भिंतीतला पॉइंट तपासला. अर्थिंगचं भोक होतं, पण त्याच्यामागे जमिनीत जाणारी वायरच नव्हती.

"सर, विजेचे चिमटे बसतात ते बघताय का?" मघाची मुलगी म्हणाली. तिच्या बिल्ल्यावर दिव्या असं नाव होतं. "ते सगळ्याच मशीनचे बसतात. म्हणून तर या चपला. सीनियर पहिल्याच दिवशी सांगतात, चपला घातल्याशिवाय कशाला हात नाही लावायचा."

नळाला पाणी कधी येतं ते सांगावं, इतक्या सहज तिने हे सांगितलं.

योगेंद्रने खाली पाहिलं. प्रत्येक पोराच्या पायात निळी रबरी चप्पल होती.

त्याचा स्क्रू आता जागेवर होता. निघून गेला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. त्याने पेचकस खिशात घातला, दारापर्यंत गेला आणि दाराशेजारचा मेन स्विच खाली ओढला. पंखे घरघरत थांबले.

"अहो, परीक्षा चालू आहे!"

"अर्थिंग नाहीये, मॅडम. एकाही पॉइंटला नाही."

"आजचा दिवस होऊन जाऊ दे. उद्या कळवते मी वर." त्यांनी स्विचकडे हात नेला. योगेंद्र मध्ये आला. 

"मी बाजूला नाही व्हायचा."

"तुम्ही कोण अडवणारे?"

"माझाच एक स्क्रू राहिला होता, मॅडम. अर्थिंगचा. तो लावायला आलो होतो, मघाशी खोटं बोललो. रिक्षात अख्ख्या वाटेत मला कुणाचं तरी पोरगं मेलेलं दिसत होतं. ते मला परत नाही बघायचं."

एवढं बोलून त्याची मान खाली गेली. म्हणून त्याला मॅडमचे पाय दिसले. साडीच्या काठाखाली निळी रबरी चप्पल होती. मुलांच्या चपलांपेक्षा कितीतरी जुनी, टाचेशी झिजून पातळ झालेली.

त्यांनी पाय काठाआड ओढून घेतले. 

"मुलांनो, बाहेर जाऊन बसा," त्या म्हणाल्या. "कशालाही हात लावू नका."

मग त्यांनी प्राचार्यांना फोन लावला. "सर, परीक्षा थांबवलीय." पलीकडून मोठ्याने काहीतरी विचारलं गेलं. "नाही, दुसऱ्या कुणी नाही. मी थांबवली."

त्यांनी फोन ठेवला.

"सर येतायत. तुम्ही लगेच जाऊ नका हं. मला एकटीला बोलायची भीती वाटते."

"मलापण वाटते," योगेंद्र म्हणाला आणि मेन स्विचला पाठ लावून उभा राहिला. क्षितिजा मॅडम त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.