एका जीपचा एक नंबर

मानववंशशास्त्रात एम.ए. केलंय असं सांगितलं की लोक आधी कौतुकाने मान हलवतात आणि मग हळूच विचारतात, म्हणजे नेमकं काय? आमचे बाबा रतिलाल, पुरुषोत्तमनगरजवळ ऊस लावणारे. त्यांनी तेवढाही आडपडदा ठेवला नाही. "मानसे पाहाना पगार कोन देस व माय?" म्हणाले. मला राग आला, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं.

पगार दिला हस्तीमल शेठजींनी. तळोद्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना ते सांभाळतात. तिथे कार्यालय व्यवस्थापक हवी होती. तीन महिने बघू, जमलं तर कायम, असं ठरलं. पहिल्याच दिवशी शेठजी म्हणाले, "काजल बेटा, फायली कोणीही लावेल. डोंगरातली माणसं अकराला येतात आणि तीनला न तपासताच परत जातात. तेवढं थांबव, खुर्ची तुझी."

मला ती खुर्ची मनापासून हवी होती. दोन वर्षं घरी बसून भरतीचे फॉर्म भरून झाले होते. शिवाय रजिस्टरं आखणं, कपाटांना चिठ्ठ्या लावणं, कोणी कधी कुठे जायचं ते ठरवणं मला भलतंच आवडतं, हे तिथे गेल्यावरच कळलं.

दवाखान्यात येईल त्याला नंबर मिळायचा. दवाखान्यातल्या मदतनीस निर्मलाबाई दारात उभ्या राहून पुकारायच्या, "चौदा! चौदा नंबर कोण?" चौदा नंबरवाली समोर ओट्यावरच बसलेली असायची, पण उठायची नाही. निर्मलाबाईंच्या मते ही माणसं मुद्दाम बहिरी होत. माझ्या मते त्यांना आकडे कळत नव्हते. म्हणून मी मोठ्या हौसेने चित्रांची कार्डं केली. मोर, बैल, आंबा, मासा. रंगवण्यात अख्खा रविवार गेला.

सोमवारी रुखमाबाई नावाच्या म्हातारीला मोर मिळाला. तिने तो उलटसुलट पाहिला, शेजारणीला दाखवला, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. त्यांना घेऊन येणारा जीपवाला करणसिंग संकोचत मला म्हणाला, "ताई, मन्हा फोन नंबर तिले तोंडपाठ शे. चित्र कसाले देतस?" तीन वाजता जीप भरून निघून गेली. न तपासता, माझ्या मोरासकट.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काही ठरवू नये, एवढंच तर मी पाच वर्षं शिकले होते. आणि खुर्ची मिळाल्याबरोबर पहिलं काम तेच केलं.

मग मी वही घेतली आणि ओट्यावर जाऊन बसले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी शेठजी आले. "खुर्ची दिली, तर ओट्यावर बसतेस?" मी म्हटलं, "काम चालू आहे, शेठजी." ते आत गेले, माझी रिकामी खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि निघून गेले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

पण वहीत दिसायला लागलं होतं. एका जीपमधून अकरा जणं उतरायची, आणि खिडकीवरच्या गर्दीत त्यांचे नंबर विखरायचे. कुणाला चार, कुणाला एकोणीस, कुणाला बत्तीस. चार नंबरवाली एकटी आत जायचीच नाही, बरोबरच्या म्हातारीसाठी थांबायची. तोवर तिची पाळी गेलेली असायची. मी करणसिंगला विचारलं, बत्तीस नंबरवाली मागे थांबून दुसऱ्या जीपने परत गेली तर? एकत्र आलेली माणसं वेगवेगळी परततील कशी, हेच त्याला कळेना. "संगे वनात, संगे जातीन. एक मानूस मांगे ऱ्हायना तर जीप हालत नई, ताई."

दुसऱ्या दिवसापासून मी माणसाला नंबर देणं बंद केलं. नंबर जीपला. एक नंबर पुकारला की अकराही जणं उठायची आणि आतल्या बाकावर ओळीने बसायची. डॉक्टर कुरकुरले. निर्मलाबाई म्हणाल्या, हे काय नवीन खूळ? पण दीड वाजेपर्यंत करणसिंगच्या जीपमधल्या सगळ्यांचे डोळे तपासून झाले होते. जाताना रुखमाबाईने मोराचं कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ते अजून माझ्या काचेखाली आहे.

तीन महिने संपले त्या दिवशीही ती आली होती, ऑपरेशननंतरच्या तपासणीला. निर्मलाबाईंनी ओटाभर सांगून ठेवलं होतं, आज ताईंचा निकाल. शेठजी दुपारी आले आणि माझं रजिस्टर उघडून एकेक पान वाचत बसले. तीन वाजले. सव्वातीन झाले. समोरची खुर्ची, कपाटं, आखलेली रजिस्टरं, सगळं उद्या दुसऱ्या कुणाचं झालं तर?

शेठजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "ही जीप अजून उभी कशी? कोणी तपासायचं राहिलंय?"

राहिलं नव्हतं. करणसिंगला आत बोलावलं. तो दारातच उभा राहिला. "रुखमाबाई निंघू देत नई, शेठजी. ताईनं काम व्हयनं नई आजून. आपलं एक मानूस मांगे शे, म्हनस."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

शेठजींनी रजिस्टर मिटलं आणि पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे सरकवला. खाली सही होती, तारीख आदल्या दिवशीची. "चहा घेऊन निवांत सांगणार होतो, बेटा," ते म्हणाले. "जा, सांग त्यांना. अंधाराआधी घाट चढायचाय."

मी ओट्यावर गेले आणि कागद वर धरला. "झालं माझं."

रुखमाबाईने करणसिंगच्या पाठीवर थाप मारली, आणि जीप हालली.