इंदूबाईवरचा पिच्चर

लग्नानंतरची पहिली दिवाळी होऊन गेली, तरी शीलाला घरातलं कोणी काही बोललं नव्हतं. सांगितलं ते शेजारच्या विमलताईंनी. दोघी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, तर विमलताई सहज म्हणाल्या, "तुया सासूवर पिच्चर निघाला ना व. लय गाजला होता. बंटीनं सांगतलं नाही तुले?"

विमलताईंनी पिच्चरचं नाव सांगितलं आणि शीलाच्या हातातली शेंग हातातच राहिली. तो तिनं पाहिला होता. पुसदला शाळेत असताना, टीव्हीवर, सगळ्या घरासोबत. खऱ्या खुनावरचा म्हणून लोक आजही त्याचं नाव काढतात. त्यात एक बाई नवऱ्याला ताकातून कपाशीवरचं फवारणीचं औषध देते आणि तो आत तडफडत असताना चुलीपुढं बसून भाकरी थापत राहते. थप, थप, थप. तो आवाज ऐकून लहानगी शीला आईला जी बिलगली, ती पिच्चर संपेपर्यंत सुटली नव्हती.

"पण आई सुटल्या ना त्यातून?" तिनं विचारलं.

"सुटली. पुरावा नाही भेटला. कोर्ट सोडते व, पन..." विमलताईंनी शेंगांचं सूप जवळ ओढलं.

सासरा वामनराव तरुणपणी वारला एवढंच शीलाला ठाऊक होतं. तिचा नवरा बंटी तेव्हा चार वर्षांचा. आता तो वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, पंधरवड्यातून एकदा ढाणकीजवळच्या या गावी यायचा. बाकीचे दिवस घरात दोघीच, शीला आणि इंदूबाई.

इंदूबाई मुळातच कमी बोलायच्या. आधी शीलाला तो स्वभाव वाटायचा. आता त्या गप्प बसल्या की ती त्यांच्या हातांवर नजर ठेवायची. फवारणीचे डबे गोठ्यातल्या माळ्यावर असत. शीला शेण काढायला गेली की आधी वर बघायची, एखादा हलला तर नाही ना. सासूनं चहा पुढं केला की "थंडा होऊ द्या" म्हणून बाजूला ठेवायची. सासूचा घोट घशाखाली उतरला, की मग आपली कपबशी उचलायची.

आणि मग तिला बंटीचं आठवायला लागलं. घरी आला की त्याचं ठरलेलं, "ढाब्यावर जेवून आलो." शीलानं स्वतः रांधलं तर मात्र दोन घास खायचा. तिला वाटायचं, नवं लग्न आहे, लाड चाललेत. आता तिला ते लाड वाटेनात.

एका दुपारी इंदूबाईंनीच विषय काढला. "शीले, माह्या आधी चहा काहून पीत नाही व तू?"

शीलानं पुढ्यातली कपबशी उगाच फिरवली.

"इमलीनं सांगतलं वाटते. आहे काय तुया फोनमंदी तो पिच्चर? लाव बरं. म्या पाह्यला नाही कधी."

शीलानं तो शोधून लावला. इंदूबाई चष्मा चढवून पुढं सरकल्या. पडद्यावरचा नवरा बायकोशी गोड बोलत होता. "हा वामनराव?" त्या म्हणाल्या. "येवढं गोड बोलाची त्याइले सवय नव्हती." मग ताकाचा प्रसंग आला. त्या बाईनं काचेच्या गिलासात औषध ओतलं, वरून ताक ओतलं. इंदूबाई एकदम म्हणाल्या, "गिलास नव्हता. लोटी होती."

शीलानं दचकून पिच्चर थांबवला. फोन हातातून निसटता निसटता राहिला.

"म्हंजे... तुमी ताक देल्लं होतं?"

"देल्लं होतं ना. रोजच देत जावो. सकाळी ताक पेऊन गेले अन् दुपारी वावरात मेले. औषध दारूच्या शिशीत सापडलं. तरी ती लोटी कोर्टात टेबलावर ठेवली अन् पुन्हा पुन्हा मलेच इचारलं." त्यांनी चष्मा काढला. "पिच्चरवाले आले तं गावात घरोघरी चहा पेले. माह्या घरी कोनी आलं नाही."

शीला शेतकऱ्याची पोर. त्या औषधाचा भपका तिला माहीत होता. ताकात तो कसा लपेल? दारूत लपला असता. पण शिशी तरी कोणीही दिली असेल. सासूनंसुद्धा.

"आई, तुमी केलं काय?" तोंडातून निघूनच गेलं.

इंदूबाईंनी चष्मा पदराला पुसला. रागावल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "पोलिसानं इचारलं, जजनं इचारलं. घरात तू पयली. बंटी दहावीत हा पिच्चर पाहून आला, तवापासून माह्या हातचं खात नाही. इचारत बी नाही."

"मंग कोनं केलं?"

"मले मालूम नाही. हेच कोनाले पटत नाही."

शीलानं संध्याकाळी बंटीला फोन लावला. "तुमाले आईवर संशय आहे ना?" पलीकडून नुसते ट्रकचे हॉर्न ऐकू आले. "या रविवारी घरी या," ती म्हणाली, "अन् आईले तोंडावर इचारा."

रविवारी तो आला. बाजेवर बसला, उठला, पुन्हा बसला. इंदूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इचार."

"आई, बाबाले तू..."

"नाही रे बाबू."

बंटी गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडला. इंदूबाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "येवढं इचाराले लगन करा लागलं तुले."

शीलाला हसू आलं आणि त्या हसण्याचं नवलही वाटलं. तिनं सासूवर विश्वास ठेवला होता. अगदी सगळा नाही; बारीकसं काही आत टोचतच होतं. पण ठेवला होता.

बंटीनं डोळे पुसले. "मंग त्या दिवशी बाबासंग वावरात कोन कोन होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. इंदूबाई आठवून आठवून सांगू लागल्या. एक जण मेला. एक नागपूरला गेला. बाकीचे गावातच. त्यातल्या एकानं तर लग्नात शीलाला साडी दिली होती, म्हणाला होता, वामनरावची सून म्हंजे माही पोरगीच.

तेवढ्यात रस्त्यावरून सायकल हळू झाली. "रामराम, वयनी!" सायकलवर तोच होता. पांढऱ्या मिशा, हसरा चेहरा.

"रामराम," इंदूबाई रोजच्यासारख्या म्हणाल्या.

बंटी उठून फाटकापाशी गेला. लहानपणापासून तो या माणसाला काका म्हणत आला होता. सायकल वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो तिकडेच बघत उभा होता.